झिजलेल्या नाण्याची साक्ष

यंदाच्या वसंत व्याख्यानमालेत इतिहासाचा विषय आमच्याकडे यावा, याचे काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. आमचा उभा जन्म कामगारांच्या सभा, मागण्यांची निवेदने आणि पगारपत्रके यांत गेला. इतिहासाची पदवी आमच्यापाशी नाही. जे वाचले ते एका सभेहून दुसऱ्या सभेला जाताना, एस. टी. च्या प्रवासात आणि गावोगावच्या वाचनालयांत वाचले. तथापि ज्याने आयुष्यभर मजुरीचा हिशेब मांडला, त्याला पैसा म्हणजे काय आणि तो कोणाच्या हातून कोणाच्या हाती जातो, याची जिज्ञासा वाटणे स्वाभाविक आहे. त्या जिज्ञासेपोटी आम्ही नाण्यांकडे वळलो. आज बोलावयाचे आहे ते मात्र संग्रहालयाच्या काचेआड चमकणाऱ्या सुवर्णमुद्रांविषयी नाही. शेतात, ओढ्यात किंवा पांढरीच्या टेकाडात सापडणारा, हिरवा पडलेला, नखाएवढा तांब्याचा तुकडा आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. असा तुकडा जर उत्तरकालीन रोमन साम्राज्यातील नाणे असेल, तर ते कसे ओळखावे, आणि ओळखल्याने आपल्या पदरी काय पडते, एवढाच आजचा प्रश्न आहे.

रोम कोठे आणि मुरुम कोठे, अशी शंका येथे कोणी घेईल. शंका रास्त आहे. तिचे उत्तर आपल्याच धाराशिव जिल्ह्यात, तेर्णेच्या काठी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात मिसर देशातील एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. त्या पुस्तकाला ‘पेरिप्लस’ म्हणतात. लिहिणाऱ्याचे नाव आज कोणालाही ठाऊक नाही. पण त्याने दक्षिणापथातील दोन मोठ्या बाजारपेठांची नावे दिली आहेत. भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तेथून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर. पैठणहून मौल्यवान दगड जात, तर तगरहून साधे कापड, नाना प्रकारची मलमल आणि इतर माल भडोचला जाई. तो माल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या प्रदेशातून नेत, असेही तो लिहितो. १९०१ साली फ्लीट या विद्वानाने हे तगर म्हणजे आपले तेर, असे दाखवून दिले. पुढे १९५७-५८ साली चापेकरांनी तेथे उत्खनन केले, आणि जमिनीखालच्या वस्तूंनी त्या जुन्या नोंदीला दुजोरा दिला. संत गोरोबाकाकांचे तेर आपण जाणतोच. त्या तेरच्या कापडाला गोरोबांच्या हजारबाराशे वर्षे आधी सातासमुद्रापार गिऱ्हाईक होते, हेही जाणून घेतले पाहिजे.

आता या व्यापारात पैशाचा व्यवहार कसा चाले ते पाहा. पेरिप्लसचा लेखक व्यापारी होता, म्हणून त्याने आपल्या कामाची गोष्ट नेमकी टिपली. भडोचला रोमन सोन्याची व चांदीची नाणी आणली, तर स्थानिक चलनाशी त्यांचा बदला करताना नफा सुटतो, असे तो सांगतो. आपल्या भागातील वृद्ध मंडळींना हे वेगळे समजावून सांगायला नको. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, आणि सोलापूरची पेठ इंग्रजी मुलखात. इकडे चारमिनारचे चित्र असलेला हाली रुपया, तिकडे कलदार. ठोकळ हिशेबाने सात हाली म्हणजे सहा कलदार. हद्द ओलांडून बाजाराला जाणाऱ्या माणसाला दोन्ही नाणी नजरेने आणि बोटांनी ओळखावी लागत. ज्याला ओळखता येत नसे त्याचा तोटा, आणि ज्याला येत असे त्याची चलती. एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या भडोचच्या सराफाचे आणि हाली-कलदारच्या सराफाचे गणित एकाच जातीचे आहे.

त्याच पुस्तकात आणखी एक वाक्य आहे, आणि आमच्या विषयाला ते फार उपयोगी आहे. अपोलोडोटस आणि मिनँडर या ग्रीक राजांची जुनी नाणी भडोचच्या बाजारात अजून चालतात, असे तो नोंदवतो. मिनँडर होऊन तोवर दोनशे वर्षांच्या आसपास काळ लोटला होता. राजा गेला, राज्य गेले. नाणे मात्र हातोहात फिरत राहिले. म्हणजे नाणे कधी पाडले आणि ते कधी वापरले गेले, हे दोन प्रश्न निराळे आहेत. पहिल्याचे उत्तर नाण्यावरच्या अक्षरांत मिळते. दुसऱ्याचे उत्तर त्याच्या झिजेत आणि ते जेथे सापडले त्या जागेत असते. ही गोष्ट पुढे वारंवार लागणार आहे.

सोने आले हे खरे; पण ते कोणाकडे राहिले? रोमचा ग्रंथकार प्लिनी याने तक्रार केली आहे की, हिंदुस्थान दरवर्षी साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात दारफळ येथे एकोणिसाव्या शतकात रोमन सम्राटांची सोन्याची नाणी सापडली. त्यांत सेप्टिमिअस सेव्हेरस या सम्राटाची नाणी होती. असे पुरून ठेवलेले धन धनिकाचे असते. ज्या कोष्ट्याने तगरची मलमल विणली, त्याच्या हाती सोने पडले असेल असे मानण्यास आधार नाही. त्या काळी आपल्या भागात रोजच्या देवघेवीला सातवाहनांची शिशाची, तांब्याची आणि मिश्रधातूची नाणी होती. तेरच्या मातीतून निघणारी ही नाणी ओबडधोबड आणि बहुधा गुळगुळीत झालेली असतात. हत्ती, वृक्ष किंवा चार गोळ्यांचे उज्जयिनी चिन्ह अंधुक दिसते, एवढेच.

परंतु रोमन राजाचा मुखवटा तेरच्या सामान्य माणसापर्यंत दुसऱ्या एका वाटेने पोचला, आणि ही हकीकत मोठी मनोरंजक आहे. तेरला मातीचे गोल तुकडे सापडले आहेत. त्यांवर रोमन नाण्याची छाप उठवलेली आहे, आणि ते गळ्यात अडकवण्यासाठी कडी किंवा भोक आहे. तेलंगणात कोंडापूरलाही असे तुकडे मिळाले, आणि त्यांवर टिबेरिअस सम्राटाचे डोके ओळखता आले. सोन्याचे पदक ज्याला परवडत नाही, त्याच्यासाठी कुंभाराने मातीचे पदक केले! ज्या सम्राटाचे नावही त्या कुंभाराला ठाऊक नसेल, त्याचे नाक, हनुवटी आणि डोक्यावरचा पानांचा मुकुट त्याने मातीत हुबेहूब उतरवला. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात सापडणाऱ्या प्राचीन वस्तू वर्षानुवर्षे जमवल्या नसत्या, तर त्यांतील कितीतरी आज शिल्लक राहिल्या नसत्या. त्यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय तेरला आहे. ज्यांनी ते पाहिले नसेल त्यांनी एक दिवस काढून अवश्य पाहावे.

हा झाला पूर्वरंग. टिबेरिअसचा काळ पहिल्या शतकाचा. आमचा आजचा तुकडा त्याहून तीनशे वर्षांनी अलीकडचा आहे. या तीनशे वर्षांत रोममध्ये काय घडले? तिसऱ्या शतकात लढायांचा आणि लष्कराच्या पगाराचा बोजा वाढला, तशी राज्यकर्त्यांनी चांदीच्या नाण्यात तांबे मिसळण्यास सुरुवात केली. मिसळता मिसळता चांदीचा नुसता मुलामा उरला. किमती वाढल्या आणि नाण्याची पत गेली. पगाराचा आकडा तोच ठेवून पगाराची किंमत उतरवण्याची ही युक्ती आजच्या महागाई भत्त्याच्या काळातही आपल्या ओळखीची आहे. पुढे डायोक्लेशियन आणि कॉन्स्टंटाईन या सम्राटांनी चलनाची घडी नव्याने बसवली. कॉन्स्टंटाईनने साडेचार ग्रॅमचे, म्हणजे आपल्या सोनाराच्या भाषेत चार मासे पाच गुंजांचे, सोन्याचे नाणे काढले; ते शतकानुशतके टिकले. गरिबाच्या वाट्याला मात्र तांब्याची चिल्लर आली, आणि ती चिल्लर दर पिढीला लहान होत गेली. चौथे शतक संपता संपता तिचे नाणे करंगळीच्या नखाएवढे आणि सव्वा माशाच्या आसपास वजनाचे झाले होते.

ही तांब्याची चिल्लर हिंदुस्थानात आली. तामिळनाडूत मदुरा, करूर या भागांत ती सापडते, आणि श्रीलंकेत तर हजारोंनी मिळाली आहे. तेथे तिच्या स्थानिक नकलाही झाल्या. त्यांवर अक्षरांच्या जागी नुसत्या काड्या आहेत. तेथील बाजारांत ती सुट्या पैशांसारखी वापरली गेली, असे अभ्यासकांचे मत आहे, आणि तिची झीज त्याला पुष्टी देते. कर्नाटकात हावेरी जिल्ह्यातील अक्कीआलूर येथे याच उत्तरकाळातली सोन्याची नाणीही मिळाली. आपल्या मराठवाड्यात मात्र सातवाहनांच्या अस्तानंतर हा व्यापार पूर्वीच्या जोमाने राहिला नव्हता. म्हणून उत्तरकालीन रोमन तांब्याचे नाणे आपल्याकडे कोणी दाखवले, तर आनंदाने टाळी वाजवण्यापूर्वी चौकशी करणे प्राप्त आहे.

ती चौकशी कशी करावी, ते आता क्रमाने सांगतो. समजा, कोणा शेतकऱ्याच्या हाती असा एक तुकडा आला आहे.

पहिली गोष्ट: तो घासू नये. आपल्या घरात तांब्याचे भांडे म्हटले की चिंच, लिंबू आणि राख हाताशी येतात. देवाच्या तांब्याला ते ठीक. नाण्याला ते विष आहे. झिजलेल्या नाण्यावर जी काही रेषा उरलेली असते, ती पुष्कळदा त्या हिरव्या पुटातच उरलेली असते. पूट गेले की रेषा गेली. सोनाराच्या तेजाबाचे तर नावच नको. शुद्ध पाणी आणि मऊ कुंचला यांनी वरची माती हलकेच काढावी, आणि तेथेच थांबावे.

दुसरी गोष्ट: शेजाऱ्यांना आधी वगळावे. मुरुमच्या आसपास सापडणारे जुने तांब्याचे नाणे बहुधा रोमन नसतेच. गुलबर्गा आणि बीदर या बहमनी राजधान्या आपल्या उंबरठ्यावर, विजापूरही फार दूर नाही. म्हणून बहमनी, आदिलशाही आणि पुढे निजामाची नाणी येथे मिळणे साहजिक आहे. त्यांवर दोन्ही बाजूंना फारसी-अरबी लिपीतली अक्षरे असतात, चेहरा नसतो. शिवराईवर नागरी अक्षरे असतात आणि ती वजनाने कितीतरी भारी असते. चेहरा दिसला म्हणूनही घाई करू नये. पश्चिमी क्षत्रपांच्या चांदीच्या नाण्यांवर राजाचे डोके असते आणि त्याभोवती ग्रीक वळणाची अक्षरेही असतात. पण मागे तीन कमानींचा डोंगर आणि ब्राह्मी लेख असतो. डोंगर दिसला की क्षत्रप.

तिसरी गोष्ट: माप आणि वजन. सोनाराच्या काट्यावर वजन करावे, पट्टीने व्यास मोजावा, कड पाहावी. कडेला सांधा दिसला किंवा पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांचे खड्डे दिसले, तर नाणे ठोकून पाडलेले नसून साच्यात ओतलेले आहे, म्हणजे नक्कल असण्याचा संभव आहे. व्यास १७ मिलिमीटरच्या आत आणि वजन एकदीड ग्रॅम असेल, तर ते चौथ्या-पाचव्या शतकातील सर्वांत लहान चिल्लरीत बसते.

चौथी गोष्ट: चेहऱ्याची बाजू. झीज आधी उंच भागावर होते. गाल, नाक, केस प्रथम जातात. खोलगट भाग मागाहून. म्हणून नाणे समोरून न्याहाळण्यात अर्थ नाही. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उजेडात ते हळूहळू फिरवावे. माध्यान्ही जे दिसत नाही ते त्या उजेडात सावलीने उठून दिसते. डोक्यावर काय आहे ते शोधावे. सूर्यकिरणांसारखी टोके असलेला मुकुट असेल तर नाणे बहुतेक तिसऱ्या शतकाचे. पानांचा मुकुट असेल तर कॉन्स्टंटाईनच्या मधल्या काळापर्यंतचे. मोत्यांची पट्टी असून तिची टोके मानेमागे सुटलेली असतील, तर त्यानंतरचे. चेहऱ्याच्या डाव्या कडेला खालून लेख सुरू होतो. तेथे रोमन लिपीतील ‘डी’ आणि ‘एन’ ही अक्षरे दिसली, तर ती ‘आमचे स्वामी’ या अर्थाच्या दोन लॅटिन शब्दांची आद्याक्षरे होत, आणि ती चौथ्या शतकापासून पुढे सर्रास येतात.

पाचवी गोष्ट: मागची बाजू. लेख गेला तरी चित्राचा बाह्याकार बराच काळ टिकतो, आणि चित्रे ठरावीक आहेत. दोन शिपाई आणि मध्ये निशाणाची काठी असेल, तर सन ३३० ते ३४१. काठ्या दोन असल्या तर या मुदतीच्या आधीच्या भागातले, एक असली तर नंतरचे. लांडगीण दोन बाळांना दूध पाजते आहे, तर ३३० नंतरच्या काही वर्षांतले. शिपाई घोड्यावरून कोसळलेल्या शत्रूला भाला खुपसतो आहे, तर ३४८ नंतरचे. पंख असलेली विजयदेवता खांद्यावर लुटीचे चिन्ह घेऊन डावीकडे निघाली आहे आणि एका गुडघे टेकलेल्या बंदिवानाला ओढीत नेते आहे, तर ३८८ पासून पाचव्या शतकाच्या पहिल्या दोनतीन वर्षांपर्यंतचे.

आपल्या तुकड्यावर हे शेवटचे चित्र आहे असे समजू. चित्राखाली एक आडवी रेघ असते, आणि रेघेखाली टांकसाळीचे नाव आखूड करून घातलेले असते. अंत्युखिया, अलेक्झांड्रिया, कॉन्स्टँटिनोपल यांच्या पहिल्या दोनतीन अक्षरांवरून टांकसाळ कळते. राजाच्या नावाचे शेवटचे तुकडेही उपयोगी पडतात. ‘...सिउस’ असेल तर थिओडोसिअस, ‘...दिउस’ असेल तर आर्केडिअस, ‘...रिउस’ असेल तर होनोरिअस. पण अखेरचा ‘उस’ तेवढा उरला असेल, तर तो तिघांच्याही नावात आहे, आणि त्यांच्याबरोबर राज्य करणाऱ्या दुसऱ्या व्हॅलेंटिनिअनच्या लॅटिन नावातही आहे. अशा वेळी खरा जाणकार छातीठोकपणे एका राजाचे नाव घेत नाही. ‘सन ३८८ ते ४०२ च्या सुमारास पूर्वेकडील टांकसाळीत पाडलेले, राजा अनिश्चित’ असा तो निकाल लिहितो. या निकालात उणेपणा काही नाही. जेवढा पुरावा तेवढेच विधान, हा न्यायालयाचा नियम इतिहासालाही लागू आहे. आणि कामगार न्यायालयाच्या पायऱ्या झिजवलेल्या आमच्यासारख्यांना तर तो चांगलाच पटलेला आहे.

येथे क्षणभर त्या चित्राकडे पुन्हा पाहावे. बंदिवानाला ओढीत नेणाऱ्या देवतेभोवती जो लेख आहे, त्याचा अर्थ ‘राज्याचे कल्याण’ असा होतो. घोड्यावरून पडलेल्या माणसाला भोसकणाऱ्या शिपायाभोवतीच्या लेखाचा अर्थ ‘सुखाचे दिवस परत आले’ असा आहे. टांकसाळीतून हा मजकूर लाखोंनी बाहेर पडला आणि खेड्यापाड्यांतील हातांत गेला. ज्यांना लिहितावाचता येत नव्हते, त्यांना चित्र तेवढे कळले असेल: कोणीतरी उभा आहे आणि कोणीतरी खाली पडला आहे. कल्याण कोणाचे, सुख कोणाचे, हा प्रश्न त्या काळी कोणी विचारला की नाही, ते नाणे सांगत नाही. आज नाणे हाती घेणाऱ्याने तो विचारावा, असे आम्हांस वाटते.

आता झिजेविषयी. संग्राहकाला झीज हा दोष वाटतो; लिलावात कोऱ्या नाण्याला भाव येतो. इतिहासाच्या दृष्टीने पाहिले तर कोरे नाणे बहुधा टांकसाळीतून थेट मडक्यात गेलेले असते. त्याने बाजार पाहिलेला नसतो. झिजलेले नाणे भाजीवालीच्या, हमालाच्या, गाडीवानाच्या आणि कोष्ट्याच्या हातांतून गेलेले असते. या माणसांची नावे कोणत्याही शिलालेखात नाहीत. लेण्यांच्या भिंतींवर दानशूर व्यापाऱ्यांची आणि श्रेणींची नावे सापडतात. त्या श्रेणींत राबणाऱ्या उमेदवाराचे नाव सापडत नाही. त्याने मागे ठेवलेली खूण असलीच, तर ती अशी: नाण्यावरच्या राजाचा गाल त्याच्या बोटांनी झिजवला.

झीज आणि पुनर्मुद्रा वाचून केवढा मोठा इतिहास उभा राहतो, याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे क्षत्रप नहपान याची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी एकत्र सापडली. त्यांपैकी ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला शिक्का पुन्हा मारला होता. नव्या शिक्क्याखाली जुन्या राजाचा चेहरा अर्धामुर्धा दिसतो. नहपानाचा पाडाव गौतमीपुत्राने केला, याचा एवढा रोकडा पुरावा दुसरा नाही. पण ध्यानात घ्या, हा पुरावा कशामुळे झाला? ती सारी नाणी एका जागी, एकत्र सापडली आणि सापडल्याची नोंद राहिली. तीच १३ हजार नाणी गावोगावच्या सोनारांकडे चार चार, दहा दहा अशी जाऊन आटली असती, तर चांदीचे गोळे झाले असते आणि महाराष्ट्राच्या इतिहासाचे एक पान कोरे राहिले असते.

म्हणून आमचे मुख्य म्हणणे असे आहे. नाण्यावरचा राजा ओळखणे हे अर्धे काम झाले. ते कोठे, किती खोलीवर, कशाच्या सोबतीने सापडले, हे उरलेले अर्धे काम आहे, आणि ते नाणे उचलणाऱ्यानेच त्या क्षणी करावयाचे असते. नंतर कोणत्याही विद्वानाला ते करता येत नाही. मुरुमच्या माणसाला मातीचे थर शिकवायला नकोत. गावाचे नावच मातीवरून आले असावे असे वाटते. वर काळी, तिच्याखाली मुरूम, आणि जेथे वस्ती होती तेथे पांढरी. माळवदाच्या घरांसाठी आपले पूर्वज जुन्या टेकाडांची पांढरी गाडीगाडीने आणीत. १९९३ च्या भूकंपानंतर माळवदे कमी झाली. पण टेकाडे खणणे थांबले नाही, आणि आता तर यंत्राचा फावडा एका दिवसात शतकांचे थर उलथून टाकतो. पांढरीतले नाणे तिच्यातल्या खापरांसह, मण्यांसह सापडले तर ते साक्षीदार आहे. ट्रॉलीतून रस्त्यावर सांडले तर तो नुसता तांब्याचा तुकडा आहे.

हीच गोष्ट धातू शोधणाऱ्या यंत्राची. इंग्लंडात हे यंत्र घेऊन शेते धुंडाळण्याचा हजारो लोकांना छंद आहे, आणि त्यांना सर्वांत अधिक सापडणाऱ्या वस्तूंत हीच उत्तरकालीन रोमन चिल्लर आहे. १९९७ पासून तेथे अशा वस्तूंची नोंद ठेवण्याची सरकारी योजना आहे. तिच्यात आजवर १५ लाखांहून अधिक वस्तू नोंदल्या गेल्या आहेत. एकेका झिजलेल्या नाण्याला बाजारात किंमत नाही. पण प्रत्येकाचे शेत नोंदले गेल्यामुळे चौथ्या शतकात कोणत्या खेड्यात पैशाचा व्यवहार होता, याचा नकाशा तयार होतो. नोंद नसती तर लाखो नाणी असूनही नकाशा झाला नसता. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अशी न धुतलेली रोमन नाणी आज मूठमूठभर विकत मिळतात, टपालाने घरपोच येतात. उद्या कोणी त्यांतले एक खिशातून काढून ‘हे आमच्या शेतात सापडले’ म्हणाला, तर नाणे खरे असेल आणि हकीकत खोटी. एका खोट्या हकीकतीने जिल्ह्याचा इतिहास बिघडतो. म्हणून जागेचा पुरावा मागणे हा अविश्वास नव्हे, ती शिस्त आहे.

आपल्याकडे अडचण आणखी वेगळी आहे. जमिनीत पहिला फावडा मारणारा मजूर असतो. १९७२ च्या दुष्काळात आपल्या भागातल्या हजारो हातांनी तलाव खणले, रस्ते केले, खडी फोडली. विहिरी खणणारे, पाया खणणारे, नाले सरळ करणारे हेच हात आहेत. जुनी वस्तू प्रथम त्यांनाच दिसते. पण दिसली तर बोलावे की गप्प बसावे? बोलले तर मुकादम काढून घेईल, पोलीस दारात येतील. म्हणून वस्तू कमरेला खोचून रात्री सोनाराकडे जाते आणि मूसेत आटते. यात मजुराला दोष देणे सोपे आहे. त्याला कायदा कोणी सांगितला आहे काय, हे आधी विचारावे.

कायदा असा आहे. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार, जमिनीत पुरलेली १० रुपयांपेक्षा अधिक किमतीची वस्तू सापडली, तर ज्याला सापडली त्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावयाचे. जुना मालक कोणी पुढे आला नाही, आणि सापडणारा व जमीनमालक यांच्यात वेगळा करार नसेल, तर तीन हिस्से सापडणाऱ्याचे आणि एक हिस्सा जमीनमालकाचा. वस्तू सरकारने घेतली तर तिच्या धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा एवढी भरपाई मिळते. कळवले नाही तर मात्र हक्क बुडतो आणि एक वर्षापर्यंत शिक्षाही होऊ शकते. श्रोतेहो, सव्वाशे वर्षांहून जुन्या, परक्या सरकारने केलेल्या कायद्यातही खणणाऱ्याचा वाटा जमीनमालकाच्या तिप्पट आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक होते? धातूची किंमत आणि वर पाचवा हिस्सा ही भरपाई तांब्याच्या नाण्याला अगदीच तुटपुंजी आहे, हे आम्ही मान्य करतो. ती वाढावी अशी मागणी न्याय्य ठरेल. पण हक्क ठाऊक असलेला माणूस निदान घाबरत नाही.

गुप्तधनाच्या नादाविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत. हंडे काढून देतो म्हणणारे मांत्रिक आणि आता यंत्र घेऊन फिरणारे त्यांचे नवे भाऊबंद, दोघेही जुन्या गढ्या आणि देवळांचे पाये पोखरतात. या नादात माणसांचे बळी गेले, आणि अशा अघोरी प्रकारांविरुद्ध २०१३ साली महाराष्ट्राला कायदा करावा लागला. संरक्षित स्थळी परवान्यावाचून खणणे हाही गुन्हाच आहे. धनाच्या आशेने जो खणतो, त्याला झिजलेले तांब्याचे नाणे निरुपयोगी वाटते आणि तो ते फेकून देतो. इतिहासाला नेमके तेच हवे असते.

मग आपण काय करावे? फार मोठे काही नको. शाळेतील गुरुजींनी आणि वाचनालयाच्या कार्यवाहांनी एक जाड वही घालावी. कोणाला जुने नाणे, मणी, खापर सापडले, तर तारीख, शिवार, किती हात खोल, सोबत काय होते, एवढे त्याच दिवशी तिच्यात लिहावे. नाणे कागदाच्या स्वच्छ पुडीत ठेवावे, घासू नये. दोन्ही बाजूंची छायाचित्रे तिरप्या उजेडात घ्यावीत; आता प्रत्येकाच्या खिशात ती सोय आहे. जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. ओळख पटवण्यासाठी तेरचे संग्रहालय आपल्याच जिल्ह्यात आहे, पुण्याला डेक्कन कॉलेज आहे. आणि बांधकामावर, खोदकामावर मजूर लावणाऱ्यांनी कामाच्या पहिल्या दिवशी त्यांना हा कायदा मोठ्याने वाचून दाखवावा. आमच्या संघटनेच्या सभांत तरी आम्ही तो यापुढे वाचणार आहोत.

तगरच्या कोष्ट्याचे नाव आपल्याला कधीच कळणार नाही. त्याच्या मलमलीचा धागा उरला नाही, त्याची गाडी ज्या वाटेने गेली ती वाट नांगराखाली गेली. त्याच्या आणि त्याच्यासारख्यांच्या व्यवहाराची साक्ष द्यायला उरली आहेत ती ही गुळगुळीत झालेली नाणी. ती ज्याच्या फावड्याला लागतील, तोही पुष्कळदा तसाच निनावी कष्टकरी असेल. त्याने ते नाणे जागेच्या नोंदीसह जपले, तर एका कामकऱ्याची साक्ष दुसऱ्या कामकऱ्याने नोंदवून ठेवली असे होईल. हे काम आपल्या गावात सुरू व्हावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.